मंडईला जाताना

१
आमच्या उपनगरात नवी मंडई झाली. दुमजली. खाली वाहनतळ, वर भाजी. गाडीला जिना चढावा लागत नाही, भोपळ्याला लागतो.

२
उद्घाटनाच्या आदल्या रात्री समोरच्या रस्त्यावर झेब्रा पट्टे रंगवत होते. मी गॅलरीतून बघत होतो, मग राहवेना म्हणून खाली गेलो. पट्टे अलीकडच्या पदपथापासून निघतात, मधल्या दुभाजकाच्या लोखंडी जाळीला जाऊन टेकतात आणि जाळीच्या पलीकडून पुन्हा सुरू होतात. रंगाऱ्याला म्हटलं, "माणसाने मधून जायचं कसं?"
"आमच्याकडं रंगाचंच काम आहे, काका."

३
कोनशिलेवर नावं किती ते मोजत होतो. एकोणीसपर्यंत आलो. खाली आणखी असावीत, पण समोर स्कूटर लावलेल्या.

४
पाचव्या दिवशी जाळीचा एक गज कापलेला. आठव्या दिवशी शेजारचा. आता आडवं होऊन जाता येतं. आधी पिशवी, मग पोट, मग उरलेला माणूस.

५
ओळखीच्या भाजीवाल्या मावशी मंडईच्या दाराबाहेर, पदपथावर बसल्या होत्या. त्यांना वर ओटा मिळाला आहे, सोडतीत, रीतसर.
"मग वर का नाही बसत?"
"वर बसून काय भजन करू? गिऱ्हाईक येतंय का वर?"
"आणि गिऱ्हाईक का येत नाही?"
"समद्या खाली बसल्यात की."

६
पुण्याची जुनी मंडई १८८६ची. तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे, म्हणून नाव रे मार्केट. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरायचा. इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाला द्या, असं नगरपालिकेत एक सदस्य सांगत होते. त्यांचं कोणी ऐकलं नाही. इमारत झाली आणि, खरं सांगायचं तर, देखणी झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती पसरलेले पंख. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिचं नाव बदललं. नाव दिलं ते त्याच सदस्याचं. महात्मा फुले मंडई.

७
फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. इमारतीला काय लागतं याचा त्यांना अंदाज नव्हता असं म्हणता येत नाही.

८
मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट १८६९चं. त्याचंही नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई. दर्शनी भागावर शेतकऱ्यांचे शिल्पपट आहेत, लॉकवुड किपलिंग यांचे. हे रुडयार्डचे वडील. दीडशे वर्षं ते शेतकरी तिथे उभे आहेत. वाहनांच्या टपापासून बरेच वर.

९
नव्या मंडईसमोर माणसं भाजी घेतात ती दुचाकीवरून न उतरता. एक पाय जमिनीवर, इंजिन चालू. "पाव किलो भेंडी, कोवळी बघून." भाजीवाला भेंडी घेऊन गाडीपर्यंत येतो, सुट्टे आणायला परत जातो, सुट्टे द्यायला पुन्हा येतो. मागच्याने हॉर्न वाजवला की पुढचा म्हणतो, "अहो, थांबा ना, दोन मिनिटं." त्यालाही भेंडीच हवी असते.
चालत आलेलं गिऱ्हाईक या दोन गाड्यांच्या मधल्या फटीतून हात पुढे करतं.

१०
कढीपत्ता अजून फुकट.

११
वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी: 'अज्ञात वाहनाच्या धडकेत पादचाऱ्याचा मृत्यू.' वाहन अज्ञात. माणसाची ओळख पटलेली नाही. बातमीत नाव फक्त रस्त्याला आहे.

१२
जिवंतपणी कोणी स्वतःला पादचारी म्हणत नाही. "मी आपला चालत आलो" म्हणतात. त्यातला 'आपला' बघण्यासारखा.

१३
रस्ता ओलांडताना आपण हात दाखवतो. अर्धा ट्रॅफिक पोलीस, अर्धा आशीर्वाद. मंडईसमोर हात मोकळे नसतात, त्यामुळे जे हातात असेल ते दाखवावं लागतं. माझी निरीक्षणं:
कोथिंबिरीच्या जुडीला कोणी विचारत नाही.
दुधी दाखवला तर रिक्षा हळू होते.
शेवग्याच्या शेंगांना टेम्पोसुद्धा थांबतो. हातभर लांब असतात, काचेवर ओरखडा पडेल अशी भीती असावी.

१४
अतिक्रमणची गाडी आली. बातमी गाडीच्या चार मिनिटं आधी आली. कशी ते मी विचारलं नाही. ताडपत्र्या गुंडाळल्या गेल्या, पाट्या डोक्यावर गेल्या, तराजू काखेत. सगळे जिना चढून वर. मीही वर गेलो, वांगी अर्धी मापून झाली होती म्हणून. वर गेलो आणि बघतच राहिलो. प्रत्येक ओट्यावर माल, ओट्याओट्यांमधून माणसं, छतावरचे पंखे चालू, मावशी त्यांच्या स्वतःच्या क्रमांकाच्या ओट्यावर मांडी घालून. उजेड चांगला, फरशी स्वच्छ. नकाशा काढणाऱ्याच्या मनात जे काही असेल ते हेच असणार.
पाऊण तासाने गाडी गेली. सगळे खाली.

१५
२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत पायी चालणारी ३२,८२५. आकडे केंद्र सरकारच्या अहवालातले. भागाकार मी केला: दिवसाला नव्वद, तासाला पावणेचार.

१६
भाजी आणायला मला साधारण तास लागतो.

१७
भारतीय रस्ते काँग्रेस हा पक्ष नाही. १९३४ साली स्थापन झालेली रस्ते अभियंत्यांची संस्था आहे. रस्ता कसा बांधावा याची मानकं ती ठरवते. तिच्या म्हणण्याप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मिलिमीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून घरातली शिवणाची टेप घेऊन गेलो. आमच्या पदपथाची उंची वीतभर आणि वर चार बोटं. रुंदी पुष्कळ होती. तीतून विजेची डीपी वजा, झाड वजा, झाडाचा पार वजा, एका फलकाचे दोन पाय वजा. फलकावर लिहिलंय: 'पदपथाचा वापर करा.'

१८
टेप बघून एक गृहस्थ थांबले. "रस्तारुंदी आहे का?" त्यांच्या आवाजात काळजी होती. नाही म्हटल्यावर मोकळे होऊन गेले.

१९
'शेतकरी ते ग्राहक, थेट' असा फलक, रविवारच्या आठवडे बाजारात. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला, त्यानंतर संत सावता माळ्यांच्या नावाने असे बाजार सुरू झाले. कल्पना चांगली आहे. जुन्नरकडच्या एका बाईंकडून मी नेमाने टोमॅटो घेतो. त्यांच्या नखांत अजून माती असते. शेजारच्या फलकाखाली किवी होती.
"कुठली शेती आपली?"
"आपली म्हंजे... काकाची."
"न्यूझीलंडला?"
तो हसला, एक किवी जास्त टाकली.

२०
सिएटलची पाइक प्लेस मंडई १९०७ साली सुरू झाली. कारण: दलालांमुळे कांदा कैच्या कै महागला, लोक चिडले, नगर परिषदेने शेतकऱ्यांना थेट रस्त्यावर गाड्या लावून माल विकायला सांगितलं. तिथल्या विटांच्या रस्त्यावर मोटारी कमी कराव्यात यावर पुढे अनेक वर्षं वाद चालला. २०२५च्या एप्रिलमध्ये मोटारींवर निर्बंध घालून पाहिले. प्रायोगिक तत्त्वावर.
कांद्याचा प्रश्न लवकर सुटला होता.

२१
आईला घेऊन मंडईला गेलो. ती ब्याऐंशीची, हातात काठी. पण भाजी स्वतः निवडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. जाळीच्या फटीतून ती जाणार नाही, म्हणून पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो. तिथे सिग्नल आहे, हिरवा माणूस पंधरा सेकंद दिसतो. पहिल्या खेपेला आम्ही मध्यावर होतो तेव्हा तो लाल झाला. तो लाल झाला की गाड्या लगेच सुटत नाहीत, आधी फक्त गुरगुरतात. आई थांबली, गाड्यांकडे बघितलं, म्हणाली, "काय घाई आहे यांना? भाजी संपायला आलीय का?" आणि त्याच चालीने पुढे गेली.
सिग्नलची वेळ बसवताना माणसाची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. घरी येऊन आईच्या चालीचं गणित मांडलं. ०.६ आलं. तिला सांगितलं.
"मग रस्ता निम्मा करा की."

२२
"रस्ता काय तुझ्या बापाचा आहे का?"
एका सकाळी तीनदा ऐकलं. रिक्षावाला आजोबांना. आजोबा रिक्षावाल्याला. पेरूवाला दोघांना.

२३
१६ जुलै २००३, बुधवार. कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका. शेतकरी बाजारासाठी रस्ता वाहनांना बंद होता. शहाऐंशी वर्षांच्या एका चालकाची मोटार त्या बाजारात शिरली आणि आरपार गेली. दहा माणसं गेली, साठांहून जास्त जखमी. ब्रेकऐवजी पाय वेग वाढवणाऱ्या पेडलवर पडला, असा संघीय चौकशीचा निष्कर्ष. त्याच चौकशीने आणखी एक गोष्ट नोंदवली: रस्ता बंद केला होता तो लाकडी घोड्या आणि पाट्या ठेवून. गाडी अडेल असं तिथे काही नव्हतं.

२४
आमच्या मंडईच्या दारात दगडी बोलार्ड बसवले. गाड्या आत येत नाहीत, हे खरं. एकाला ताडपत्रीची दोरी, दुसऱ्यावर लसणाची पाटी, तिसऱ्यावर रोज एक आजोबा बसतात. संपूर्ण बांधकामात माणसांनी इतक्या पटकन आपलीशी केलेली दुसरी वस्तू नाही.

२५
आर्यन हे पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह, जुन्या मंडईच्या शेजारी. आता तिथे वाहनतळ आहे. नाव आर्यन. मिनर्व्हा हेही चित्रपटगृह. आता तिथेही वाहनतळ. नाव मिनर्व्हा. पुण्यात नाव जात नाही.

२६
२९ सप्टेंबर २०१७, सकाळ, मुंबईचं एल्फिन्स्टन रोड स्थानक. पाऊस आला म्हणून पादचारी पुलावर माणसं थांबून राहिलेली. एका फुलवाल्याचं गाठोडं पडलं. "फूल गिर गया," असं कोणी तरी ओरडलं. मागच्यांनी ऐकलं 'पूल'.
तेवीस माणसं गेली.

२७
२९ सप्टेंबर २०२४. पुण्यात जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी मेट्रो सुरू झाली. जुन्या मंडईच्या पोटात आता स्थानक आहे. थंडगार, लखलखीत, सरकते जिने. पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहा, असं एक बाई पुन्हा पुन्हा अदबीने सांगतात.
वर आलं की रेषा पांढऱ्या. सांगायला कोणी नाही.

२८
पिशवी तुटल्याचा किस्सा लिहायचा राहिला होता.
मागच्या बुधवारी, संध्याकाळी सात. ऐन गर्दी. एक बाई जाळीच्या फटीतून बाहेर पडून अलीकडे यायला बघत होत्या. दोनदा पुढे, दोनदा मागे. कोणी थांबेना. तिसऱ्यांदा पाऊल टाकलं आणि कापडी पिशवीचा बंद तुटला. पाच किलो तरी बटाटे असतील. ते सगळ्या रस्त्यावर धावले. रस्त्याला जरा उतार आहे, म्हणून खरोखरच धावले. आणि चारही रांगा थांबल्या. पीएमपीची बस थांबली. एक रिक्षावाला उतरला, दोन बटाटे उचलले, शर्टाला पुसले. हेल्मेट घातलेल्या एका पोराने हेल्मेट काढलं आणि त्यात बटाटे गोळा केले. कॉलेजच्या दोन मुली बसखाली वाकून बघत होत्या. कंडक्टर दारातून "डावीकडं, डावीकडं, चाकामागं" असं सांगत होता. कोणी हॉर्न वाजवला नाही. एक मिनिट गेलं असेल, दीड असेल.
बाई मध्ये उभ्या राहून "राहू दे हो, राहू दे" म्हणत होत्या, ओशाळल्यासारख्या. एकही बटाटा राहिला नाही. मग सगळे आपापल्या गाडीवर बसले.
त्या गडबडीत, आजूबाजूला न बघता, आणखी सातआठ जण रस्ता ओलांडून गेले. मीही गेलो.

२९
१४ मे २०२५. पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पदपथावरची अतिक्रमणं काढा, अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे पदपथ करा.
मावशींना सांगितलं, त्या पदपथावरच बसलेल्या होत्या. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "मंजे आम्हाला उठवणार?" मी म्हटलं, चालणाऱ्यांचा हक्क आहे. "आम्ही काय उडत येतो का? स्वारगेटपासनं चालतच येतो, डोक्यावर पाटी घेऊन."
मला उत्तर सुचलं नाही. दोन जुड्या पालक घेतला.

३०
पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं आहे. ११ डिसेंबरला पादचारी दिन असतो. लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर वाहनांना बंद. सतरंज्या, रांगोळ्या, मुलांचे खेळ. मजा येते, मी गेलो आहे. तिथे एक परिचित भेटले, सहकुटुंब. मुद्दाम चालायला आले होते. गाडी मंडईत लावून.

३१
पहाटे पाचला उठून बघितलं. मार्केट यार्डातून माल घेऊन आलेले दोन टेम्पो, चार हमाल, चहाची किटली. रस्ता मोकळा. हमाल पाठीवर पोतं घेऊन सरळ रेषेत रस्ता ओलांडत होते, आणि तेही झेब्रा पट्ट्यांवरूनच. जाळीपाशी एक जण अलीकडे उभा, एक जण पलीकडे. पोतं वरून जायचं.

३२
महापालिकेला पत्र लिहिलं: जाळीला पट्ट्यांच्या रुंदीएवढी वाट करावी; मध्ये थांबायला जागा करावी; हिरव्या माणसाची वेळ वाढवावी. पोच मिळाली. महिन्याने काम झालं. कापलेले दोन गज नवीन बसवले.

३३
पादचारी पुलाचा प्रस्ताव आहे म्हणे. आईने विचारलं, "किती पायऱ्या?"

३४
आज मेथी. आमच्या बाजूला वीस रुपये जुडी, पलीकडे मंडईच्या दारात पंधरा. दोन जुड्या हव्या होत्या. काठावर उभा राहून दहा रुपयांचा विचार केला. समोरून मावशींनी जुडी वर धरून दाखवली, पानं हिरवीगार होती. मधून एक डंपर गेला, त्याच्या मागे आणखी एक.
अलीकडचीच घेतली.